डोळ्यातले इंजेक्शन: प्रश्न औषधाचा की फेऱ्यांचा?

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी सूज येऊन नजर कमी झाली, की आज त्यावरचा पहिला उपाय म्हणजे डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन. त्याने बहुतेकांची नजर टिकते, अनेकांची सुधारते, याबद्दल आता दुमत उरलेले नाही. दुमत आहे ते औषधाच्या नावाबद्दल: स्वस्त बेव्हासिझुमॅब की महाग अफ्लिबरसेप्ट, मूळ कंपनीचे रॅनिबिझुमॅब की त्याची भारतीय आवृत्ती, की अलीकडचे फॅरिसिमॅब? डॉक्टरांच्या परिषदा, कंपन्यांच्या माहितीपत्रिका आणि नातेवाइकांचे प्रश्न, सगळे या नावांभोवती फिरतात. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या रुग्णाचा विचार करताना मात्र हा क्रम उलटा लावायला हवा. हा माणूस वर्षातून किती फेऱ्या करू शकेल, कोणत्या महिन्यांत करू शकेल आणि सोबत कोण येईल, हे आधी विचारावे. औषध त्यानंतर निवडावे. दुर्गम भाग म्हणून मागितलेली ही सवलत आहे, असे कोणी समजू नये. गेल्या वीस वर्षांतले संशोधन नीट वाचले तर तेही याच दिशेने बोट दाखवते.

आधी आजार समजून घेऊ. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. काही पाझरू लागतात, काही बंद पडतात. जिथे रक्त पोचत नाही तो भाग प्राणवायूवाचून तगमगतो आणि नव्या वाहिन्या फुटाव्यात म्हणून एक प्रथिन सोडू लागतो. असा काही पदार्थ असला पाहिजे, हा तर्क आयझॅक मायकेल्सन यांनी १९४८ मध्ये मांडला होता. तो पदार्थ, म्हणजे व्हीईजीएफ, नापोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वेगळा करून दाखवला. या प्रथिनाने दोन प्रकारची हानी होते. एक, पडद्याच्या मध्यावर, म्हणजे मॅक्युलावर पाणी साचून सूज येते आणि वाचणे, चेहरे ओळखणे, सुईत दोरा ओवणे अवघड होते. दुसरी, नाजूक नव्या वाहिन्या वाढून डोळ्यात रक्तस्राव होतो, आणि पुढे त्यांच्यासोबतच्या तंतूंनी पडदा ओढला जाऊन जागेवरून सुटतो. इंजेक्शनातले औषध या प्रथिनाला पकडून निष्प्रभ करते. डोळा थेंबांनी बधिर करायचा, पोव्हिडोन आयोडिनने धुवायचा आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून ०.०५ मिलिलिटर औषध आत सोडायचे. काम काही मिनिटांचे असते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. पण एक-दोन महिन्यांत औषध ओसरते, आणि मूळ आजार तिथेच असतो. म्हणून पुन्हा इंजेक्शन, पुन्हा फेरी.

त्याआधीचा उपाय लेझरचा होता. नव्या वाहिन्यांच्या आजारात पडद्याच्या कडेकडेने लेझर केला तर नजर पूर्ण जाण्याचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवले. मध्यावरच्या सुजेसाठी मर्यादित लेझरचा फायदा १९८५ मध्ये सिद्ध झाला. मात्र सुजेवरचा लेझर उरलेली नजर राखायचा, गेलेली क्वचितच परत आणायचा. इंजेक्शनाने ती परत येऊ लागली, आणि हा फरक रुग्णाच्या आयुष्यात फार मोठा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या डायबेटिक रेटिनोपथी संशोधन जाळ्याने ६६० रुग्णांवर तीन औषधांची तुलना प्रसिद्ध केली. नजर ६/१५ किंवा त्याहून वाईट असलेल्यांना वर्षभरात अफ्लिबरसेप्टने सरासरी १८.९ अक्षरे जास्त वाचता आली, रॅनिबिझुमॅबने १४.२ आणि बेव्हासिझुमॅबने ११.८. तक्त्यावरची एक ओळ पाच अक्षरांची असते, तेव्हा सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त औषधांत जवळपास दीड ओळीचा फरक पडला. ज्यांची नजर सुरुवातीला बरी होती, त्यांच्यात तिन्ही औषधे सारखीच ठरली. या आकड्यांची चर्चा भरपूर झाली. त्याच चाचणीतला दुसरा आकडा तितका गाजला नाही: पहिल्या वर्षात प्रत्येक गटात नऊ ते दहा इंजेक्शने लागली, दुसऱ्या वर्षी आणखी पाच-सहा. चाचणीतल्या रुग्णांना तारखांची आठवण करून देणारी माणसे असतात, न आल्यास पाठपुरावा होतो. तीन औषधांतला दीड ओळीचा फरक हा वेळेवर येणाऱ्या माणसांमधला फरक आहे. दहापैकी तीनच इंजेक्शने घेणाऱ्यात कोणते औषध श्रेष्ठ, हे त्या चाचणीवरून ठरत नाही.

उशीर केल्याची किंमतही मोजली गेली आहे. रॅनिबिझुमॅबच्या राइज आणि राइड या चाचण्यांमध्ये एका गटाला पहिली दोन वर्षे खोटे इंजेक्शन दिले आणि नंतर खरे सुरू केले. त्यांची नजर थोडी सुधारली, पण आधीपासून औषध घेणाऱ्यांना ते कधीच गाठू शकले नाहीत. पडदा फार काळ सुजलेला राहिला की त्यातल्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. तेव्हा ‘पुढच्या वर्षी बघू’ हा पर्याय सूज असलेल्या माणसापुढे नाही.

आता हे वेळापत्रक महाड-पोलादपूरच्या वर्षावर ठेवून पाहा. या भागातला रुग्ण पडद्याच्या उपचारासाठी बहुधा पनवेल, मुंबई किंवा पुणे गाठतो. महाडहून पनवेल सुमारे सव्वाशे किलोमीटर, जिल्ह्याचे ठिकाण अलिबाग शंभरावर. पुण्याकडे नेणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद असतो, महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाटही त्याच भीतीखाली असतो. दक्षिणेला कशेडीचा बोगदा झाल्याने चिपळूण तालुक्यातले डेरवणचे रुग्णालय थोडे जवळ आले आहे, पण पोलादपूरच्या वाडीवरून आधी हमरस्त्याला पोचायचे तर दिवसातल्या मोजक्या एसटी गाड्यांवर भिस्त. २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्यात गेले, तळिये गावावर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसे गाडली गेली. एवढे मोठे संकट दरवर्षी येत नाही, पण जून ते सप्टेंबर प्रवास बेभरवशाचा असणे हे दरवर्षीचेच. जूनमध्ये उपचार सुरू केला तर दुसरी फेरी लावणीत येते, तिसरी-चौथी गौरी-गणपतीच्या आसपास आणि पाचवी भातकापणीत. शिवाय रुग्ण एकटा जाऊ शकत नाही. बाहुली मोठी करणारे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते. घरातला कमावता मुलगा मुंबईला, गावी म्हातारे आईवडील, अशी इथल्या असंख्य घरांची रचना आहे; म्हणजे प्रत्येक फेरीत दोन माणसांचा दिवस आणि एकाची रजा किंवा मजुरी जाते. औषध फुकट मिळाले तरी हा खर्च उरतोच, आणि तो वर्षातून दहा वेळा करायचा असतो.

नव्या वाहिन्यांच्या आजारात याचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो. २०१५ मध्ये त्याच संशोधन जाळ्याने दाखवले, की या अवस्थेत रॅनिबिझुमॅबचे इंजेक्शन लेझरपेक्षा कमी पडत नाही, आणि कडेची नजर राखण्यात काहीसे सरसच ठरते. २०१७ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात अफ्लिबरसेप्टचेही असेच निष्कर्ष निघाले. साहजिकच शहरी दवाखान्यांत लेझर मागे पडू लागला. पण अमेरिकी चाचणीची पाच वर्षे पूर्ण झाली तेव्हा हयात रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांशच टिकून होते. तेही इतक्या काटेकोर पाठपुराव्यानंतर. आणि जे मध्येच यायचे थांबले त्यांचे काय झाले? फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये अशा रुग्णांचा मागोवा घेतला. लेझर करून गायब झालेल्यांच्या तुलनेत केवळ इंजेक्शन घेऊन गायब झालेल्यांचे डोळे कितीतरी वाईट अवस्थेत होते; पडदा ओढला जाऊन सुटण्याचे प्रमाण त्यांच्यात ठळकपणे जास्त होते. कारण सरळ आहे. लेझरने प्राणवायूची गरजच कमी केलेली असते आणि तो परिणाम टिकून राहतो. इंजेक्शनाचा बंध सुटला की प्रथिन पुन्हा उसळते.

यावर आक्षेप येतो, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: मग शहरातल्याला आधुनिक औषध आणि पोलादपूरच्या शेतकऱ्याला जुना लेझर, असा दुजाभाव करायचा का? लेझरने रातांधळेपणा वाढू शकतो, कडेची नजर थोडी कमी होते, मध्यावरची सूज तात्पुरती वाढू शकते. हे सगळे खरे आहे आणि रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. पण दुजाभाव कशाला म्हणायचे, हेही ठरवावे लागेल. दोन माणसांना एकच औषध देऊन एकाची नजर राखणे आणि दुसऱ्याचा डोळा कायमचा जाऊ देणे, यात समानता कुठे आहे? रुग्ण नियमित येईल याची खात्री नसेल तिथे पूर्ण लेझर करून घ्यावा, सूज असेल तर त्याच्या जोडीला इंजेक्शन द्यावे. माझ्या मते या भागासाठी हाच पहिला नियम असावा, आणि केवळ इंजेक्शनावर विसंबणे हा अपवाद.

औषधाच्या निवडीकडे आता वळू. बेव्हासिझुमॅब मुळात आतड्याच्या कर्करोगाचे औषध. २००४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी मायामीतल्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा छोटा डोस डोळ्यात देऊन पाहिला आणि जगभर तो वापर पसरला. चार मिलिलिटरच्या एका कुपीतून अनेक डोळ्यांचे डोस निघतात, म्हणून तो स्वस्त पडतो. २०१५ च्या तुलनेत अमेरिकी हिशेबाने एका इंजेक्शनाला तो सुमारे ५० डॉलर होता, रॅनिबिझुमॅब १,२०० आणि अफ्लिबरसेप्ट १,९५० च्या आसपास. भारतात किमती वेगळ्या आहेत, आणि अहमदाबादच्या इंटास कंपनीची रॅनिबिझुमॅबची आवृत्ती २०१५ मध्ये बाजारात आल्यावर मधला एक पर्यायही मिळाला, पण चढत्या किमतीचा क्रम तोच आहे. डोळ्यासाठीचा हा वापर औषधाच्या मूळ परवान्यात नाही, हा बेव्हासिझुमॅबवरचा पहिला आक्षेप. महाडकरांना तो नवा वाटू नये. विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून असंख्य जीव वाचवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर याच मातीत, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रापासून आणि पुढे महाडमध्ये काम करत आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका आजारासाठी बनलेले स्वस्त औषध दुसऱ्या आजारात पुराव्यानिशी वापरणे हा वैद्यकाचा जुना आणि सन्मान्य मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये बेव्हासिझुमॅबला डोळ्यासाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, तेही पुराव्यावरूनच.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. २०१६ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये या औषधानंतर काही रुग्णांच्या डोळ्यांना इजा झाली. केंद्रीय औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा दिला आणि काही आठवड्यांत तो मागे घेतला. ते औषध बनावट असल्याचे मूळ कंपनीचे म्हणणे होते. या घटनेतून औषध टाकून द्यावे असे निघत नाही. कुपी कुठून आली, ती निर्जंतुक वातावरणात कोणी विभागली, २ ते ८ अंश तापमानात राहिली का, बॅच क्रमांक नोंदला का, हे प्रत्येक वेळी पाहिले पाहिजे असे निघते. एकच कुपी पुन्हा पुन्हा टोचून दिवसेंदिवस वापरणे हा गुन्हा समजावा. जिथे ही शिस्त पाळता येत नाही तिथे एका डोसच्या बंद कुपीतले रॅनिबिझुमॅब वापरावे, थोडे महाग पडले तरी.

आणि स्वस्तापासून सुरुवात केल्याने नजर गमावली जाते का? २०२२ च्या चाचणीने याचे थेट उत्तर दिले. सुजेने नजर बरीच कमी झालेल्या डोळ्यांच्या एका गटात अफ्लिबरसेप्ट पहिल्यापासून दिले, दुसऱ्यात आधी बेव्हासिझुमॅब आणि पुरेसा फायदा न दिसल्यास बदल. दोन वर्षांनी सुधारणा सरासरी १५ आणि १४ अक्षरे, म्हणजे जवळपास सारखीच. यातली मेख मात्र विसरू नये: दुसऱ्या गटातल्या ७० टक्के डोळ्यांना शेवटी औषध बदलावे लागले. बदल करायचा तर सूज ओसीटीवर, म्हणजे पडद्याच्या थरांचे चित्र घेणाऱ्या यंत्रावर, मोजावी लागते आणि त्यासाठी रुग्ण समोर असावा लागतो. स्वस्त औषधाची वाटही शेवटी फेऱ्यांपाशीच येते.

मग जास्त टिकणारी नवी औषधे हा प्रश्न सोडवतील, असे म्हणता येईल का? फॅरिसिमॅब २०२२ मध्ये आणि अफ्लिबरसेप्टचा वाढीव डोस २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाला. दोन इंजेक्शनांतले अंतर काही रुग्णांत चार महिन्यांपर्यंत नेता येते. ही खरी प्रगती आहे. पण सुरुवातीचे महिने त्यांनाही दरमहा द्यावेच लागतात, आणि आजच्या किमतीत ती इथल्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहेत. त्यापेक्षा हाताशी असलेला एक पर्याय या भागात अधिक गांभीर्याने घ्यावा असे वाटते: डोळ्यात बसवली जाणारी डेक्सामेथासोनची कांडी. तिचा परिणाम तीन-चार महिने टिकतो. तिने मोतीबिंदू लवकर होतो आणि डोळ्याचा दाब वाढू शकतो, म्हणून तिला दुय्यम स्थान दिले जाते. मात्र ज्याचा मोतीबिंदू आधीच काढला आहे आणि काचबिंदू नाही, अशा रुग्णाला मे महिन्याच्या अखेरीस ती बसवली तर मुसळधार पावसाचा काळ बराचसा निभावता येईल. दाब तपासायला अधूनमधून यावे लागेल, पण ते काम महाडचा नेत्रतज्ज्ञही करू शकतो.

सगळ्यांत भक्कम पुरावा मला इंग्लंडमधून आलेला वाटतो. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी १९९९-२००० आणि २००९-१० या दोन काळांची तुलना केली. किमान पाच दशकांत प्रथमच, कामाच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण मधुमेही पडदाविकार राहिले नव्हते. तेव्हा तिथल्या सरकारी सेवेत मधुमेही सुजेसाठी ही इंजेक्शने सुरूही झाली नव्हती; ती मान्यता २०१३ ची. आधी सुरू झाली होती ती प्रत्येक मधुमेहीच्या पडद्याचा दरवर्षी फोटो काढणारी राष्ट्रीय योजना, २००३ पासून. साखर आणि रक्तदाबावरच्या चांगल्या उपचारांचाही त्यात वाटा असणार. पण नव्या औषधाआधीच अंधत्व मागे हटू शकते, एवढे त्यातून नक्की दिसते. भारतात २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत बहुतेक मधुमेहींची पडद्याची तपासणी कधीच झालेली नव्हती. पडद्याचा आजार दुखत नाही, आणि सूज मध्यावर येईपर्यंत नजरही चांगली असते. म्हणून तपासणीला कोणी आपणहून जात नाही.

महाड-पोलादपूरसाठी हे काम केवढे आहे? २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास होती. त्यात प्रौढ दीड लाख धरू. आयसीएमआरच्या २०२३ मधल्या अहवालाने ग्रामीण भारतात मधुमेहाचे प्रमाण ८.९ टक्के सांगितले, म्हणजे तेरा हजारांच्या घरात मधुमेही. स्मार्ट इंडिया या अभ्यासात चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी चार टक्क्यांच्या नजरेला धोका होता. त्या हिशेबाने इथे सुमारे पाचशे माणसे. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे; पण कामाचा आकार त्यातून कळतो. यातल्या निम्म्यांना इंजेक्शने लागली आणि प्रत्येकाला वर्षाला आठ धरली, तर आठवड्याला चाळीसच्या आसपास. आठवड्यातून एक दिवस चालणाऱ्या केंद्राचे हे काम आहे.

असे केंद्र महाडमध्ये चालवणे धोक्याचे ठरेल, जंतुसंसर्ग होऊन डोळे जातील, अशी भीती व्यक्त होते. संसर्गाचा धोका साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांमागे एक असतो, आणि तो शहराच्या नावावर ठरत नाही. आयोडिन, मास्क, स्वच्छ खोली आणि हातांची शिस्त यांवर ठरतो. ब्रिटनमध्ये प्रशिक्षित परिचारिका ही इंजेक्शने वर्षानुवर्षे देत आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुरक्षित करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाला हे कौशल्य शिकवणे कठीण नाही. कोणाला काय द्यायचे, हे पडद्याच्या तज्ज्ञाने पनवेल किंवा मुंबईतून फोटो आणि ओसीटी पाहून ठरवावे. सुई महाडमध्ये दिली जावी. संसर्गाची चिन्हे दिसली, म्हणजे वेदना, लाली, नजर झपाट्याने कमी होणे, तर त्याच दिवशी पुढे पाठवण्याची सोय मात्र आधीच ठरलेली असावी. आज उलट घडते: इंजेक्शन पनवेलला होते आणि तिसऱ्या दिवशी डोळा दुखू लागला तर रुग्ण वाडीवर एकटा असतो.

साखर नीट ठेवली तर हे सारे लागणारच नाही, असेही म्हटले जाते. अर्धे बरोबर आहे. १९९३ आणि १९९८ च्या दोन मोठ्या अभ्यासांनी साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास पडद्याचे नुकसान पुष्कळ कमी होते हे सिद्ध केले, आणि २०२४ मध्ये स्कॉटलंडमधल्या चाचणीत फेनोफायब्रेट या साध्या गोळीने सुरुवातीचा आजार वाढण्याचे प्रमाण २७ टक्क्यांनी घटले. पण सूज आल्यावर केवळ पथ्याने ती उतरण्याची वाट पाहणे म्हणजे पेशी मरू देणे. शिवाय खूप वाढलेली साखर एकदम खाली आणली तर पडदा काही काळ बिघडूही शकतो, म्हणून इन्सुलिन सुरू करण्याआधी डोळे तपासावेत.

जिल्हा परिषदेकडे आणि आरोग्य विभागाकडे मागणी एवढीच: महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत पडद्याचा फोटो काढणारा एकेक कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस, महाडला एक ओसीटी, एक लेझर आणि आठवड्यातून एक इंजेक्शनचा दिवस. तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम या भागात आहेच. त्याच नोंदवहीत पडद्याच्या फोटोचा एक रकाना वाढवावा. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी मधुमेही माणूस आहे त्यांनी, नजर चांगली असली तरी, येत्या पावसाळ्याआधी थेंब टाकून त्यांचा पडदा तपासून घ्यावा. सूज निघाली तर डॉक्टरांना औषधाचे नाव विचारण्याआधी आपल्याला वर्षात किती वेळा येता येईल ते खरे खरे सांगावे.